करडाचा आवाज

चाळीस वर्षांपूर्वी रेडिओवरच्या एका नाटकात आईपासून चुकलेलं करडू रडलं होतं. तो आवाज आबारावांचा. पुढं ते नाटकात पाटील झाले, सिनेमात हवालदार आणि मालिकेत तर घराघरातले सासरे. पण सुरुवात शेळीच्या पिल्लापासून केली, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. खंत एकच, बायकोनं कधी त्यांच्या कामाला बरं म्हटलं नाही.

टेंभुर्णीतला सत्कार आटोपून घरी आल्यावर त्यांनी गळ्यातला हार खुंटीला अडकवला.

"प्रेमला, सारं गाव वा वा करून राह्यलं अन् तू गप्प! तुला माझं एक तरी काम आवडलं का न्हाई?"

"आवडलं की. पण त्याचीच तुम्हाला लाज, मंग मी कशी बोलू? माहेरी आमच्या शेळीचं करडू मेल्तं, ती धार काढू देईना. रेडिओत तुम्ही रडले अन् तिला बराबर पान्हा फुटला. नाटक सरल्यावर रेडिओवाल्यांनी तुमचं नाव सांगितलं."

"मंग?"

प्रेमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मंग काय! तुमचं स्थळ आलं तव्हा बापाला म्हनलं, लगीन करीन तं ह्याच करडासंग!"