जर्मनीहून आलेला कागद

"पातं पुन्हा तडकलं." सेइझोने तुटका तुकडा हात्सुयोच्या ड्रॉइंग बोर्डावर ठेवला. "अकरावं. बघ बाई, तुझ्या रेघांचा पराक्रम!"

"रेघा जर्मनांच्या आहेत. घडवलंत तुम्ही."

हात्सुयोने तुकडा उचलून आराखड्याशी ताडून पाहिला. शनिवारी नौदलाचे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर जेटचं इंजिन तासभर चाललं नाही, तर विभाग बंद होणार आणि सगळे कारागीर आघाडीवर जाणार. सेइझो, तिचा नवरा, यादीत पहिला.

जर्मन मित्रांनी जपानला पाठवलेले आराखडे पाणबुडीसकट बुडाले होते. तिच्यातला एक अधिकारी त्याआधीच सिंगापूरला उतरून विमानाने पुढे आला, म्हणून त्याच्या पिशवीतला एकच कागद बचावला: इंजिनाचा उभा छेद, जेमतेम वीतभर. मुख्य अभियंता सुगाए यांनी तो भिंतीतल्या कोनाड्यात लावला होता, जिथे एरवी चित्र टांगतात. रोज सकाळी सगळे त्याच्यासमोर वाकत आणि मगच कामाला लागत.

"साहेब, ते जर्मन तंत्रज्ञ रुपेल्ट सहा महिने तोक्योतच आहेत," हात्सुयो म्हणाली. "त्यांनाच विचारू या ना."

"काय विचारणार? तुमचा धडा आम्हाला जमला नाही, असं?" सुगाए भडकले. "गुरूपुढे रिकाम्या हातांनी जात नाहीत. आधी इंजिन चालवा, मग बोलावू त्यांना."

"पण त्यांच्यासारखं पोलाद आपल्याकडे नाही."

"मग आपल्या पोलादाला झेपेल असं काढा. कागदाची माफी मी मागेन."

हात्सुयोने नव्याने रेघा ओढल्या. पात्यांची मुळं जाड केली, पाती कमी केली, हवेची वाट रुंद केली. कागदापासून दूर जाणारी प्रत्येक रेघ तिला चोरीसारखी वाटत होती. सेइझोने दोन दिवस हातातली कानस खाली ठेवली नाही.

शनिवारी इंजिन पेटलं. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. सेइझो डोळे मिटून उभा होता. तास उलटला, तसे कारागीर एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत ओरडू लागले.

"ती यादी फाडून टाका," नौदलाचा वरिष्ठ अधिकारी म्हणाला.

हात्सुयो मटकन खाली बसली.

"ऊठ गं," सेइझो म्हणाला, "लोकांना वाटेल मी आघाडीवर न गेल्याचं दुःख झालंय तुला!"

त्या दिवशी कुणीतरी शुभप्रसंगी भातात घालायला जपून ठेवलेल्या लाल चवळ्या काढल्या. कित्येक महिन्यांनी भात गुलाबी शिजला.

सोमवारी रुपेल्ट आले. इंजिनाशेजारी तासभर उभे राहिले. मग सुगाए त्यांना कोनाड्यापाशी घेऊन गेले आणि कमरेत वाकले.

"आम्ही आपल्या आराखड्यात फेरफार केले. आमचं पोलाद कमी पडलं. क्षमा असावी."

रुपेल्टनी कागद निरखून पाहिला. मग नव्या रेघा कुणी काढल्या ते विचारून हात्सुयोकडे वळले.

"चालणाऱ्या इंजिनाचे कागद पाणबुडीत होते, बाई," ते म्हणाले. "हा आम्ही रद्द केलेला आराखडा. बर्लिनमध्ये हे इंजिन एक मिनिटही चाललं नाही."