एकतीस ग्रॅम

"ब्लेड नको," बाबा म्हणाले.

मुलीने ब्लेड खाली ठेवलं. टेबलावर दोघांच्या मध्ये डिजिटल काटा होता आणि काट्याशेजारी एक बंद खोका. खोक्यावर कुरियरचा शेरा होता: डेअरी बंद, माल परत. आत दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी होती, बाबांनी फुंकलेली. खोका भरला होता आईने. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि तिने भरलेला हा एकच खोका उरला होता. तो आल्यापासून बाबा रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवत.

"दुसरा काहीच मार्ग नाही?"

"असता तर तुम्हाला विचारलं असतं का?"

तिने कचेरीचं पत्र पुढे सरकवलं. यंदापासून प्रत्येक धंदेवाल्याने कळवायचं होतं, वर्षभरात मालाबरोबर वेष्टनाचा किती कचरा बाहेर पाठवला. खोक्यामागे कागद किती, प्लास्टिक किती, इतर किती. तिने हल्लीचा एक खोका मोजून अठ्ठावन्न ग्रॅम लिहून पाठवले होते. पत्र परत आलं. गेल्या वर्षीच्या कुरियरच्या पावत्यांवर प्रत्येक खोका एकशे सत्तावीस ग्रॅमचा होता. त्यातली नळी अडतीसची. मग उरलेल्या एकोणनव्वदमधले एकतीस ग्रॅम कुठे गेले? आज पाचपर्यंत खुलासा नाही आला तर नोंदणी बंद, आणि नोंदणी बंद म्हणजे एक नळीसुद्धा बाहेर जाणार नाही.

"कुरियरवाल्याचा काटा चुकला असेल."

"चारशे पावत्या आहेत, बाबा. चारशे वेळा कोणी एकसारखं चुकत नाही."

"हवेचं वजन नाही ना विचारलं त्यांनी?"

"हवा कचऱ्यात जात नाही."

"वाद घालायला आईवर गेलीस अगदी." बाबा उठले. त्यांनी बर्नर लावला, ज्योत बारीक केली आणि खोका वीतभर उंच धरून, काच फिरवावी तसा हळूहळू फिरवायला सुरुवात केली. चिकटपट्टीचा गोंद मऊ झाला. पट्टी न फाटता, अख्खी सुटून आली. ती त्यांनी टेबलाच्या कडेला लटकवून ठेवली.

खोका सेहेचाळीस ग्रॅम. आतली पुठ्ठ्याची गुंडाळी अकरा. इथपर्यंत सगळं हल्लीच्या खोक्यासारखंच होतं. गुंडाळीच्या दोन्ही टोकांना मात्र बोटभर लांबीच्या दोन उशा होत्या. हाताने शिवलेल्या, आत कापडाच्या चिंध्या ठासून भरलेल्या. निळ्या कापडावर पांढऱ्या रेघा.

बाबांनी एक उशी उलटी केली. शिवणीजवळ एक काज होतं, बटण नसलेलं.

"हा माझा शर्ट आहे."

"कोणता?"

"तो निळा. सापडेना म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं मी. म्हणाली, दिला. कोणाला विचारलं, तर म्हणे ज्याला गरज होती त्याला."

मुलीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. तिने दोन्ही उशा काट्यावर ठेवल्या. "एकतीस पॉइंट दोन," ती म्हणाली. आठवडाभर ती या आकड्याच्या मागे होती. आता तो समोर होता आणि तिला काट्याकडे बघवेना.

बाबा फळीकडे बघत होते. तिथे तीन महिन्यांत फुटून परत आलेल्या सात नळ्या ओळीने ठेवल्या होत्या. सातही मानेजवळ फुटलेल्या. आपला हात गेला, असं बाबा येईल त्याला सांगत. मान जाड ठेवून पाहिली होती, काच बदलून पाहिली होती. गेल्या आठवड्यात बर्नर विकायचा विषय काढून झाला होता.

"बाबा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

"पण बोलली का नाही कधी?"

"बोलली असती तर शर्ट दिले असते तुम्ही?"

बाबांनी खरंच विचार केला. "नसते," ते म्हणाले.

चिकटपट्टी राहिली होती. मुलीने ती काट्यावर ठेवली. शून्य पॉइंट आठ. पट्टीचं टोक सरळ कापलेलं नव्हतं, दाताने तोडलेलं होतं. बाबांनी आईला तीन वेळा कटर आणून दिला होता आणि तीनही वेळा तो खिडकीत तसाच पडून राहिला होता. आईच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. तेवढ्या जागी पट्टी तुटायची नाही, ओढली जायची. टोकाच्या मधोमध तांदळाएवढी जीभ बाहेर आली होती.

मुलीने लॅपटॉप जवळ ओढला. कागद सत्तावन्न. प्लास्टिक शून्य पॉइंट आठ. इतर एकतीस पॉइंट दोन. एकूण एकोणनव्वद. बेरीज तिने तरीही दोनदा केली.

"शेवटचा एकच प्रश्न आहे," ती म्हणाली. "परत आलेल्या वेष्टनाची विल्हेवाट कशी लावली? जाळलं, पुरलं की भंगारात दिलं?"

बाबांनी नळी पुन्हा गुंडाळीत सरकवली होती. एक उशी इकडे, एक उशी तिकडे. खोका मिटून त्यांनी चिकटपट्टी हातात घेतली.

"लिही, अजून लावलेली नाही."

"बाबा, असा पर्याय नाही त्यात."

पट्टी होती त्याच जुन्या खुणेवर, ती जीभ होती तिथेच बसवून, बाबा अंगठ्याने दाबत होते. गोंद आता धरत नव्हता.