रोहीच्या नावावर

या सौद्यात मधुकररावांचा नफा काय, ते आधी सांगितलेलं बरं. गाडी बायकोसाठी, पैसे स्वतःच्या खिशातले, चालवायचीही स्वतःच. वरवर पाहिलं तर नुसता खर्च. पण काटोलच्या बाजारात जन्मभर संत्र्याची खरेदी केलेला माणूस तोट्याच्या मालाला हात लावत नाही. "नवरा असावा त असा," असं चार लोकांनी म्हणावं, पुन्हा पुन्हा म्हणावं, आणि त्या गलक्यात अपघाताच्या पहाटेबद्दल कुणी काही विचारू नये. आपणही आपल्याला विचारू नये. हा नफा.

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये दोन वापरलेल्या परदेशी गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक चंदेरी, एक निळी. दोन्ही बुटक्या, मागे लांबलचक डिक्कीच्या. अपघातानंतर बायकोला, गोपिकाबाईंना, चालता येत नव्हतं. उंच गाडीत त्यांना उचलून चढवावं लागे, आणि साध्या गाडीच्या डिक्कीत त्यांची चाकाची खुर्ची मावत नसे. म्हणून ही जात.

"किती कॅरेट बसतेत गा याच्यात?" निळीच्या डिक्कीत डोकं घालून मनोहररावांनी विचारलं. हे गोपिकाबाईंचे मोठे भाऊ. गाड्यांतलं कळतं म्हणून आले होते.

"मले बसायचं हाय दादा, संत्र्यायले नाही," गोपिकाबाई खुर्चीतून म्हणाल्या.

बसून दोन्ही गाड्या पाहून झाल्या होत्या. चंदेरीची सीट चार बोटं उंच. तिच्यात सरकताना गोपिकाबाईंना मध्येच थांबून दम घ्यावा लागला. निळीत त्या एका झोक्यात गेल्या. मधुकररावांनी ते नीट पाहिलं होतं.

"काका, चंदेरीचं खास सांगू?" टाय लावलेला शोरूमचा सौरव गाडी विकायच्या बेतानं पुढे सरसावला. "समोर जनावर आलं ना, की ही स्वतःच ब्रेक मारते. आपल्याकडे रोही, रानडुक्कर, काही भरवसा नाही."

मनोहररावांनी बॉनेटवर थाप मारली. "झालं! हेच पायजे. तुले सांगतो सौरवभाऊ, हा असा घोड्याएवढा रोही! धाडकन आडवा आला. भाऊजीनं स्टेअरिंग फिरवलं म्हणून दोघं जिते हायेत. दुसरा असता त खलास."

पहिल्या वर्षी हा रोही, म्हणजे नीलगाय, वासराएवढा होता. मनोहररावांनी त्याला चांगला चारा घातला होता.

मधुकररावांनी नेहमीसारखी मान हलवली. रोही नव्हताच. हंगामात लागोपाठ जागरणं केलेला माणूस पहाटे घरी परतताना स्टेअरिंगवर डुलकला आणि गाडी बाभळीवर गेली, एवढंच. शेजारी गोपिकाबाई झोपल्या होत्या. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर "काय झालं वो?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि रोही तिथं, त्या खाटेजवळ जन्माला आला. "बरं," त्या म्हणाल्या होत्या. नंतर त्यांनी कधी विषय काढला नाही.

"अन् ही निळी काय करते?" गोपिकाबाईंनी आता विचारलं.

"हिच्यात जनावरवालं नाही, काकू. ही चालवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते. डोळे मिटले की वाजते."

"हॅट! डुलक्या घेणाऱ्यायसाठी हाय ते," मनोहरराव हसले. "आमचे भाऊजी काहून झोपतीन गाडीवर?"

"चंदेरीच घेऊ," मधुकरराव घाईनं म्हणाले. "आपला रस्ता रोह्यायचा हाय." त्या चार बोटांचा विचार मनात आला, आणि त्यांनी तो गिळला.

"एक डाव निळी वाजवून त दाखव, बाबू," गोपिकाबाई म्हणाल्या.

मधुकरराव निळीत स्टेअरिंगमागे बसले. गोपिकाबाई शेजारच्या सीटवर सरकल्या, त्या पहाटे बसल्या होत्या तशाच, डाव्या हाताला. सौरवनं खिडकीतून वाकून कसलंसं बटण दाबलं. "दाखवण्यापुरतं चालू केलंय, काका. आता डोळे मिटा."

"राहू दे ना. समजलं."

"मिटा ना," गोपिकाबाई म्हणाल्या. "उभ्या गाडीत काय होते?"

त्यांनी मिटले. आत काळोख, काळोखात रस्ता, रस्त्यावर काहीही नाही. तेवढ्यात गाडी कर्कश वाजली. त्यांनी दचकून डोळे उघडले. सौरव समोरच्या पडद्याकडे पाहत होता. गोपिकाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

"किती वेळ मिटले होते रे, बाबू?"

"दोनच सेकंद, काकू."

"तेवढेच लागतेत," गोपिकाबाई म्हणाल्या.

मधुकररावांचे हात स्टेअरिंगवरून निघेनात. "गोपिका, तू त..." गोपिकाबाईंनी सवयीनं त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवरची धूळ झटकली.

"निळी घ्या," त्या म्हणाल्या.

"अन् रोही आला त?" बाहेरून मनोहरराव ओरडले.

"रोही का रोज येते, दादा? झोप त रोज येते."

मनोहररावांना हे फार आवडलं. दुपारपर्यंत त्यांनी ते तीन जणांना फोन करून ऐकवलं, आणि प्रत्येकाला शेवटी सांगितलं की भाऊजींनी पैशाकडे पाहिलं नाही, सगळी रक्कम एकदम मोजली.

खरं आहे. गाडीचे पैसे मधुकररावांनी भरले. त्यांच्या झोपेचे मात्र त्या पहाटेपासून गाडीत त्यांच्या शेजारी जागी राहणारी बाई भरत आली होती.