गणिताच्या वर्गातली हजेरी

“तू जीवशास्त्र घेणार असशील, तर मीपण गणित सोडते,” अकरावीचा फॉर्म भरता भरता मंजिरी अडखळत म्हणाली.

तस्लीमचं पेन थांबलं. मंजिरीला दहावीला गणितात शंभरपैकी शंभर होते. तिला इंजिनिअर व्हायचं होतं आणि गणित सोडलं तर ती वाटच बंद होणार होती. पण लहानपणापासून ती बोलताना अडखळायची. वर्गात तिच्या वतीने तस्लीमच बोलायची. तस्लीमशिवाय नव्या वर्गात बसायची तिला धास्ती वाटत होती.

“अगं, मी गणितच घेतलंय,” तस्लीम म्हणाली आणि आपला फॉर्म दुमडून तिने ओढणीखाली धरला. मंजिरीने हसून गणितापुढे खूण केली.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी याद्या लागल्या. दोघींची नावं वेगवेगळ्या यादीत होती. मंजिरीने दोन्ही याद्या पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, “त... तू खोटं बोललीस.”

“बोलले. खरं सांगितलं असतं तर तू माझ्या मागोमाग आली असतीस.”

दुसऱ्या दिवशी तासाची घंटा झाली तरी तस्लीम गणिताच्या वर्गाबाहेर भिंतीला टेकून उभी होती. आत सर हजेरी घेत होते. मंजिरीचं नाव आलं. सरांनी पुन्हा नाव घेतलं. तस्लीमच्या ओठांवर आलेलं उत्तर तिने आवरलं.

“ह... ह... हजर, सर.”

दप्तर खांद्यावर टाकून, डोळे पुसत तस्लीम आपल्या वर्गाकडे पळाली.