आधी पाणी

आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग जेवायला घालतात, आणि त्यानंतरच काय खबर आणली ते विचारतात.

हामेत मात्र सगळं सांगून टाकायचं ठरवूनच फेंदाच्या अंगणात शिरला. तिच्या मुलाचा, देंबाचा ताईत त्याच्या खिशात होता. युरोपला निघालेली त्यांची होडी उलटली तेव्हा बुडणाऱ्या देंबाचा दंड हामेतच्या हातून निसटला आणि ताईत तेवढा मुठीत राहिला होता.

“मावशी, देंबा...”

“आधी पाणी पी. किती वाळलायस रे! तुझ्या आईने बघितलं तर आम्हा अख्ख्या गावाला शिव्या घालेल.”

तिने बाजरीचा सांजा वाढला, त्यावर मासे घातलेलं भुईमुगाचं कालवण ओतलं. मग समोर बसून माशाचे काटे काढत एकेक तुकडा त्याच्याकडे सरकवू लागली.

“लाजतोस काय? देंबा तर माझ्या वाटणीचाही खातो.”

हात धुऊन झाल्यावर तिने विचारलं, “आता सांग. कसा आहे माझा देंबा?”

“बरा आहे,” हामेत म्हणाला आणि घाईघाईने उठला.

पाहुण्याला सोडायचं म्हणून ती वेशीपर्यंत त्याच्यासोबत आली. तिथे थांबून म्हणाली, “तुझ्याआधी दोघं येऊन गेले, बाळा. त्यांनाही असंच जेवू घातलं, आणि तेही ‘बरा आहे’च म्हणाले. आता पुढचा कुणी आला ना, तर मी त्याला साधं पाणीही विचारणार नाही. निदान तो तरी खरं सांगेल.”