काळ्या राणीचा आवाज

"हीच! हिच्या आवाजात दुष्टपणा कसा मुरलेला आहे बघा," स्कॅनरवाला म्हणाला आणि त्याने तो नमुना पुन्हा लावला.

थोरलीने तो पहिल्या शब्दालाच ओळखला होता. आवाज तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा होता.

कुरिअर कचेरीची मागची खोली. रविवारची दुपार. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रिकामी खोकी आणि जाड चादरी टांगलेल्या. आठवडाभर दुनियेचे निरोप आणि पार्सलं वेळेवर पोचवणारी थोरली सुट्टीच्या दिवशी इथे बसून राज्य चालवायची. एका जुन्या, गाजलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये आपली कथा आणि आपली माणसं घुसवायची, याला खेळणारे मॉड म्हणतात. कथा थोरलीची. बाकी सगळी हमाली स्कॅनरवाल्याची. तो एरवी पार्सलांवर लाल उजेड मारत बसायचा, त्यामुळे राजवाड्यात काम मिळालं म्हणून खूश होता.

कथेतला राजा म्हातारा, अंथरुणाला खिळलेला. त्याची सेवा करते ती राजकन्या. सोशिक, त्यागी, देखणी, आणि चेहऱ्याने योगायोगाने थोरलीसारखी. तिचा आवाज अर्थातच थोरली देणार होती. एवढा त्याग परक्या बाईला पेलला नसता. काळी राणी म्हणजे राजाची धाकटी लेक. मनासारखा नवरा करून गड सोडून गेलेली. बाप शेवटच्या घटका मोजत होता तरी न फिरकलेली. शेवटी खेळणाऱ्याने तिला गडाच्या पायरीवर ठार मारायचं होतं.

कथा सर्वस्वी काल्पनिक होती. कचेरीत मात्र ती सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण जेवणाच्या सुट्टीत थोरली तीच सांगायची. "बाबांच्या शेवटच्या दुखण्यात कळवलं होतं हो बहिणीला. आली नाही. असतं एकेकाचं काळीज." मग समोरच्या बाईचे डोळे भरून यायचे आणि थोरलीला जेवण गोड लागायचं.

राणीसाठी आवाज हवा म्हणून तिने पात्राचं वर्णन इंटरनेटवर टाकलं होतं. वर्णन जरा जास्तच मन लावून केलेलं. हसताना नाकपुड्या फुगतात. डाव्या भुवईत झोपाळ्यावरून पडल्याची खूण. बोलताना वाक्य अर्धं सोडते. त्यावर बायकांनी किंकाळ्या पाठवल्या, खदाखदा हसून पाठवलं, एकीने तर नुसता खोकला पाठवला. आणि एकीने, बहुधा आरशात बघून झाल्यावर, हा नमुना पाठवला.

"लावू फोन?" स्कॅनरवाल्याने विचारलं.

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. थोरलीने मान हलवली.

"नमस्कार," स्पीकरमधून धाकटी बोलली. "वर्णन वाचलं आणि म्हटलं, हे काम माझ्याइतकं चांगलं कोण करणार? तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल ना?"

"सगळेच म्हणतात," थोरली म्हणाली. "वाक्यं वाचा."

धाकटीने वाचली. "म्हातारा गेला? बरं झालं. मुकुट कुठे आहे?" इतक्या हळू वाचली, की स्कॅनरवाल्याच्या अंगावर काटा आला. त्याने थोरलीकडे बघून अंगठा वर केला.

"ताई, एक विचारू? राणी येत का नाही?"

"दुष्ट आहे म्हणून."

"ते तर आहेच. पण राजा आजारी आहे हे तिला कळलं कसं?"

"कबुतरं धाडली होती," थोरली ताडकन म्हणाली. "राजकन्येने सगळीकडे धाडली होती."

स्कॅनरवाला कामाचा माणूस. त्याने लगेच पडद्यावर नकाशा उघडला. "डोंगरातल्या मामाकडे गेलंय. बेटावर गेलंय. वैद्याकडे, सेनापतीकडे..." तो थांबला. "ताई, राणीकडे गेलेलंच नाही. राहून गेलं वाटतं. खेळणारे असल्या चुका बरोबर पकडतात हो, अब्रू घालवतील आपली. टाकू का एक? दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचंच असतं," धाकटी म्हणाली. "राणी आली असती. रात्रीची निघून, चालतसुद्धा..." वाक्य तिने अर्धंच सोडलं.

थोरलीने नुसती मान हलवायची होती. कबुतर उडालं असतं. राजकन्या धुतल्या तांदळासारखी राहिली असती, राणी पायरीवर मेली असती, आणि उद्या जेवणाच्या सुट्टीत गोष्ट जशीच्या तशी सांगता आली असती. स्कॅनरवाल्याचं बोट बटणावर तयार होतं.

"नको," थोरली म्हणाली. "माइक इकडे सरकव."

"तुमची वाक्यं पुढच्या रविवारी आहेत ना?"

"एक वाढवायचं आहे."

राजकन्येसाठी तिने आरशासमोर बसून एक मधाळ, किंचित कापरा आवाज बसवला होता. तो लावून बघितला, लागला नाही. मग रोज काउंटरवर पत्ता विचारते त्याच आवाजात ती बोलली.

"बाबा रोज विचारायचे, धाकटीला कळवलंस का. मी रोज सांगायचे, कळवलंय, येत नाही म्हणाली."