मगरिबनंतरची भाकरी

टीव्हीवरचा कुणी डॉक्टर म्हणाला, सूर्य मावळल्यावर भाकरी-भात खाल्ला तर वजन उतरत नाही. झालं! आमच्या सासूबाईंनी त्याच दिवसापासून पोट सुटू लागलेल्या धाकट्या सुनेची, नशवाची, रात्रीची भाकरी बंद केली. सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की भाकऱ्यांची टोपली कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे, मोठ्या सुनेकडे. नशवा मुलूखियाची पातळ पालेभाजी नुसतीच चमच्याने खायची.

दोन महिन्यांत तिचे हात काटकुळे झाले, पोट मात्र वाढतच गेलं.

"चोरून खातेस ना गं?" सासूबाईंनी जेवताना सगळ्यांदेखत विचारलं.

"नाही हो आई, अल्लाशपथ. मला हल्ली भूकच लागत नाही."

"मग हे पोट काय वाऱ्याने फुगलं?"

तिचा नवरासुद्धा हसला. कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती, तरी मीही हसले.

शेवटी मन्सूरा शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हा तिच्या पोटातून बादलीभर पाणी निघालं. यकृत कधीचंच निकामी झालं होतं. आठवड्याभरात गेली.

 

चाळिसाव्या दिवशी सासूबाई तिच्या कबरीपाशी तिच्या नावाने ताज्या भाकऱ्या वाटायला बसल्या. मगरिबची अजान झाली तरी त्यांचा हात थांबेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होत्या, "घ्या हो, पोटभर खा. तुम्ही खाल्लेलं आमच्या नशवाला पोचतं."